बेनिफिशियरीच्या रकान्यातलं नाव

अध्यक्ष आणि कार्यकारिणी सदस्य,
बृहन्महाराष्ट्र मंडळ, उत्तर अमेरिका



या पत्राचा विषय वाचून आपल्यापैकी काहीजण दचकतील, म्हणून तो आधीच सांगून टाकते. मेल्यानंतर देह द्रवरूप नायट्रोजनमध्ये गोठवून ठेवायचा, पुढे कधीतरी विज्ञान आपल्याला परत उठवील अशी आशा धरायची आणि या सगळ्याचा खर्च आयुर्विम्याच्या पॉलिसीतून भागवायचा, याला क्रायोनिक्स म्हणतात. अमेरिकेत हे गेली साठ वर्षं चालू आहे. आपल्या मराठी माणसांतही अशी नोंदणी केलेले लोक आहेत. थोडे आहेत, आणि ते चारचौघांत बोलत नाहीत. पण गेल्या सहा-सात वर्षांत माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून चौघांनी मला या पॉलिसीबद्दल विचारलं. त्यातल्या तिघांच्या बायकांना याची काहीच कल्पना नव्हती.

मला विचारतात, कारण मी न्यू जर्सीत एका विमा कंपनीच्या क्लेम्स विभागात सव्वीस वर्षं काम केलं. पॉलिसी विकायचं काम माझं नव्हतं. माणूस गेल्याचा दाखला आला की फाइल उघडायची, पॉलिसी चालू आहे का बघायचं, बेनिफिशियरीच्या रकान्यात कुणाचं नाव आहे ते वाचायचं आणि त्या नावाने चेक काढायचा, हे माझं काम. त्या रकान्यापलीकडे बघायची मला मुभा नव्हती. घरी कोण आहे, कुणाचं शिक्षण अडलंय, मयताने शेवटच्या आठवड्यात तोंडी काय सांगितलं होतं, यातलं काहीही माझ्या हिशेबात बसत नसे. ही गोष्ट बाहेरच्या माणसाला नीट समजत नाही, आणि त्यातून केवढं नुकसान होतं ते मी जवळून पाहिलं आहे.

माझ्या एका मैत्रिणीचा नवरा सांगलीचा, इंजिनिअर, अतिशय वाचणारा माणूस. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलून सांगते. मुलगा झाला तेव्हा त्याने साडेसात लाख डॉलरची पॉलिसी घेतली, बेनिफिशियरी बायको. पन्नाशीत त्याने क्रायोनिक्सच्या एका संस्थेत नोंदणी केली. तोवर मधुमेह जडला होता, नव्या पॉलिसीचा प्रीमियम फार पडत होता. म्हणून त्याने जुन्याच पॉलिसीवर बायकोचं नाव काढून संस्थेचं नाव घातलं, शंभर टक्के. त्याचा हिशेब सरळ होता. संस्था तिचे दोन लाख घेईल आणि उरलेलं घरी देईल. मनगटात तो एक स्टीलची पट्टी घालायचा. घरच्यांना वाटे, मधुमेहवाल्यांची असते तसली असेल.

जानेवारीत भाच्याच्या लग्नासाठी तो पुण्याला गेला आणि कोथरूडमध्ये झोपेतच गेला. पट्टीवरच्या संस्थेच्या क्रमांकावर भाच्याने फोन लावला तेव्हा बारा तास उलटून गेले होते. इतक्या दुरून आणि इतक्या उशिरा करण्यासारखं काही उरलं नव्हतं. वैकुंठ स्मशानभूमीत अंत्यसंस्कार झाले. तीन आठवड्यांनी मैत्रीण परत आली, पुणे महापालिकेचा मृत्यूचा दाखला आणि अमेरिकन वकिलातीचा कागद घेऊन, आणि विमा कंपनीचं पत्र वाचून दाखवायला माझ्याकडे आली. मी एका मिनिटात ओळखलं काय झालंय ते. तिला सांगायला मात्र मला अर्धा तास लागला. मी सव्वीस वर्षं अनोळखी लोकांना असली पत्रं पाठवली होती. समोर बसून वाचून दाखवायची वेळ पहिल्यांदा आली.

पैसे तिला मिळाले नाहीत असं नाही. देह जतन करता आला नाही तर काय करायचं, याचा पर्याय त्या संस्थेच्या करारात त्याने निवडलेला होता, आणि त्या कलमावर बोट ठेवून वकिलाने रक्कम परत मिळवली. संस्थेला मी दोष देत नाही, तिने करार पाळला. पण चौदा महिने गेले. त्या चौदा महिन्यांत घराचे हप्ते होते, मुलाच्या कॉलेजचं शेवटचं वर्ष होतं आणि नवऱ्याबद्दल एक प्रश्न होता, जो ती आजही विचारते: मला एकदा सांगितलं का नाही?

अध्यक्ष महोदय, या माणसाची चूक लोभातून किंवा निष्काळजीपणातून झाली नव्हती. ती एका शब्दातून झाली, आणि तो शब्द आपण सगळे भारतातून बरोबर घेऊन आलो आहोत: नॉमिनी.

आपल्याकडे एलआयसीचा एजंट घरी यायचा, फॉर्म भरायचा आणि विचारायचा, ‘नॉमिनी कोण लावू?’ विमा कायद्याच्या कलम ३९ मधला हा नॉमिनी म्हणजे पैसे हातात घेणारा माणूस. ते पैसे त्याच्या मालकीचे होतात असं नाही, वारसांचा हक्क तसाच राहतो, हे सर्वोच्च न्यायालयाने सरबती देवी खटल्यात १९८३ मध्ये स्पष्ट केलं. पुढे २०१५ च्या दुरुस्तीने आईवडील, नवरा-बायको आणि मुलं नॉमिनी असतील तर पैसा त्यांचाच, असं ठरलं. पण आपल्या पिढीच्या डोक्यात जुनाच अर्थ पक्का बसलेला आहे. फॉर्मवर कुणाचंही नाव असू दे, तो फक्त घेईल, मग मृत्युपत्राप्रमाणे किंवा घरच्यांच्या समजुतीने वाटणी होईल.

अमेरिकेतला बेनिफिशियरी तसा नाही. तो मालक आहे. पैसा मृत्युपत्राच्या वाटेला जातच नाही, थेट त्याच्याकडे जातो. मृत्युपत्रात ‘माझ्या विम्याचे पैसे पत्नीला’ असं लिहून ठेवलं आणि फॉर्मवर दुसरं नाव राहिलं, तर क्लेम्सच्या टेबलावर ते मृत्युपत्र नुसता कागद ठरतं. वॉशिंग्टन राज्यात बोइंग कंपनीतल्या एका कर्मचाऱ्याचा १९९४ मध्ये घटस्फोट झाला आणि दोनच महिन्यांनी तो अपघातात गेला. कंपनीच्या गटविम्याचे ४६,००० डॉलर होते, फॉर्मवर नाव घटस्फोटित पत्नीचं. घटस्फोट झाला की असं नाव आपोआप रद्द होतं, असा त्या राज्याचा कायदा होता. पहिल्या लग्नाची मुलं न्यायालयात गेली. २००१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की नोकरीतल्या गटविम्याला राज्याचा हा कायदा लागू नाही, कागदावर जे नाव तेच खरं. पैसे घटस्फोटित पत्नीला मिळाले. आमच्या विभागात नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला हा खटला शिकवायचे.

आणखी एक गोष्ट आपल्या लोकांना माहीत नसते. नोकरीतल्या ४०१-के या निवृत्तीच्या खात्यावर बायकोऐवजी दुसऱ्याचं नाव लावायचं असेल तर बायकोची लेखी संमती लागते. आयुर्विम्याला ती लागत नाही. कॅलिफोर्निया, टेक्सास, वॉशिंग्टन, ॲरिझोना अशा काही राज्यांत लग्नानंतरची कमाई दोघांची मानतात, तिथे बायको नंतर भांडू तरी शकते. न्यू जर्सीत पॉलिसीचा मालक एकट्याने फॉर्म बदलू शकतो, आणि कंपनी ते घरी कळवायला बांधील नसते.

आता क्रायोनिक्सवाल्यांनी विम्याचाच रस्ता का धरला, तेही सांगायला हवं, कारण त्यामागे एक दुःखद इतिहास आहे आणि तो समजला की या माणसांबद्दलचा आपला पहिला हेटाळणीचा सूर बदलतो. रॉबर्ट एटिंगर या मिशिगनच्या भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकाने या कल्पनेवर पुस्तक लिहिलं, ते १९६४ मध्ये मोठ्या प्रकाशनाकडून आलं. १२ जानेवारी १९६७ ला कॅलिफोर्नियात जेम्स बेडफर्ड नावाच्या मानसशास्त्राच्या प्राध्यापकाचा देह पहिल्यांदा गोठवला गेला. तो देह आजही जतन केलेला आहे. त्या काळी खर्च नातेवाइकांनी वर्षानुवर्षं भरत राहायचा अशी पद्धत होती. दुःख ताजं असतं तोवर नातेवाईक भरतात. पुढे हप्ते थांबतात, पत्ते बदलतात, माणसं म्हातारी होतात. लॉस एंजेलिसजवळ चॅट्सवर्थच्या दफनभूमीतल्या तळघरात ठेवलेले नऊ देह असेच पैशांअभावी वितळून गेले. १९७९ च्या सुमारास ते उघडकीला आलं, पुढे खटला झाला. बेडफर्ड यांचा देह वाचला, कारण त्यांच्या कुटुंबाने तो बरीच वर्षं स्वतः सांभाळला.

त्यानंतर या क्षेत्राने धडा घेतला: पूर्ण रक्कम आधी हातात असल्याशिवाय कुणालाही घ्यायचं नाही. सामान्य पगारदार माणसाकडे लाख-दोन लाख डॉलर रोख नसतात. पण तो तिशीत निरोगी असताना पॉलिसी घेऊ शकतो आणि मरणाच्या दिवशी पूर्ण रक्कम तयार असते. बेनिफिशियरी म्हणून संस्था. व्यवहार म्हणून यात काहीही गैर नाही. ॲरिझोनातल्या स्कॉट्सडेलची अल्कोर ही संस्था १९७२ पासून आहे, मिशिगनमधलं एटिंगर यांनी काढलेलं क्रायोनिक्स इन्स्टिट्यूट १९७६ पासून. दोघींकडे मिळून काही शे देह उणे १९६ अंशांवर आहेत. एटिंगर स्वतः २०११ मध्ये गेले, त्यांचाही देह त्यांच्याच संस्थेत आहे. बिटकॉइनचे आरंभीचे शिलेदार हॅल फिनी यांचा २०१४ पासून अल्कोरमध्ये आहे.

यातून कुणी परत उठेल का? आजवर एकही माणूस उठलेला नाही, एकही सस्तन प्राणी त्या तापमानातून अखंड परत आलेला नाही. एका सशाचं मूत्रपिंड काचेसारखं गोठवून, परत गरम करून, बसवून चालवून दाखवलं गेलं, एवढी मजल खरी आहे. डुकराच्या मेंदूची सूक्ष्म रचना टिकवून दाखवल्याबद्दल २०१८ मध्ये एक पारितोषिक दिलं गेलं, पण तिथे मेंदू रसायनाने आधी कायमचा बांधून टाकलेला होता. मला स्वतःला हा मार्ग पटत नाही. तरी जगण्यावर एवढं प्रेम असलेल्या माणसाला मी वेडा म्हणणार नाही. आपण पुनर्जन्म मानणारी माणसं, दुसऱ्याच्या आशेला हसण्याचा अधिकार आपल्याला कुठून आला? प्रौढ माणसाने आपल्या देहाचं काय करायचं ते स्वतः ठरवावं. देहदानाचा फॉर्म भरणाऱ्या माझ्या वडिलांनाही शेजारी वेड्यात काढत होते.

माझं म्हणणं फक्त पैशाबद्दल आणि बोलण्याबद्दल आहे. घर चालवण्यासाठी घेतलेल्या पॉलिसीला हात लावायचा नाही. देह जतन करायचा तर त्याची वेगळी पॉलिसी काढायची, आणि ती काढताना घरच्यांना समोर बसवायचं.

वेगळी पॉलिसी म्हणजे काय, ते जरा खोलात सांगते, कारण चूक तपशिलात होते. आपली बरीच तरुण मुलं एच-वन-बी व्हिसावर आहेत आणि त्यांच्याजवळ असतो तो कंपनीचा गटविमा. त्याच्यावरच संस्थेचं नाव लावून ती निश्चिंत होतात. नोकरी गेली की तो विमा संपतो. तो स्वतःच्या नावावर वळवून घ्यायला बहुधा एकतीस दिवस मिळतात, आणि नेमक्या त्याच दिवसांत नवा मालक शोधायला सरकारने दिलेले साठ दिवस मोजत माणूस अर्ज पाठवत बसलेला असतो. विम्याची आठवण कुणाला होते? दुसरे लोक वीस किंवा तीस वर्षांची टर्म पॉलिसी घेतात, कारण ती स्वस्त असते. तिशीत घेतलेली टर्म साठीला संपते. माणूस मरतो ऐंशीला. साठीनंतर नवी घ्यायची तर साखर, रक्तदाब, हृदयातली जाळी हे सगळं तपासलं जाणार. ज्या गोष्टीची गरज मरणाच्या दिवशीच लागणार आहे, तिच्यासाठी आयुष्यभर चालणारी पॉलिसीच लागते. प्रीमियम कित्येक पटींनी जास्त पडेल. तो परवडत नसेल, तर ती इच्छा आज परवडत नाही असं समजावं. घरच्या पॉलिसीतून ती भागवू नये.

किमतीही जागेवर राहत नाहीत. २००२ मध्ये अल्कोरचा पूर्ण देहाचा दर १,२०,००० डॉलर होता आणि फक्त डोक्याचा ५०,०००. दहा वर्षांनी तोच दर २,००,००० आणि ८०,००० झाला होता. जुन्या रकमेच्या पॉलिसी घेऊन बसलेले सभासद मध्येच लोंबकळले. मिशिगनच्या संस्थेचा दर २८,००० डॉलरपासून सुरू होतो, पण मरणाच्या वेळी उशाशी थांबणारी तुकडी आणि देह नेण्याचा खर्च त्यात नसतो. म्हणून आजच्या दरापुरतीच पॉलिसी काढणं म्हणजे उद्या परत घरच्या पैशांकडे हात लांबवणं.

आणि आजार झाल्यावर विमा मिळत नाही. मिसूरीची एक तेवीस वर्षांची विद्यार्थिनी मेंदूच्या कर्करोगाने २०१३ मध्ये गेली. तिचीही हीच इच्छा होती, पण निदान झाल्यावर कोण पॉलिसी देणार? शेवटी अनोळखी लोकांनी वर्गणी काढून तिचा खर्च उभा केला. तरुणपणी ठरवायचं तर तरुणपणी ठरवा, एवढंच यातून घेण्यासारखं आहे. उलट दिशेची अडचण म्हणजे, मरण जवळ आलेल्या रुग्णाला पॉलिसीतली काही रक्कम आधी उचलता येते. ती उपचारांवर खर्च झाली की मागे उरलेली रक्कम संस्थेच्या दरापेक्षा कमी पडते. घरी दोन्ही पॉलिसी असतील तर कुठलीतून उचलायची, ते आधी बोलून ठेवावं. आयसीयूच्या बाहेर खुर्चीत बसून ते बोलता येत नाही, हे मला क्लेम्सच्या फोनवर शेकडो वेळा ऐकू आलेलं आहे.

घरच्या पॉलिसीला कुलूप लावायची सोय या देशातही आहे. आपल्या आईवडिलांच्या वेळी एलआयसीचे जाणते एजंट १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या कायद्याखाली पॉलिसी काढून द्यायचे. ती बायको-मुलांच्या विश्वस्त मालमत्तेसारखी व्हायची, नवऱ्याचाही हात तिच्यापर्यंत पोहोचत नसे आणि सावकाराचाही नाही. इथे तेच काम अपरिवर्तनीय बेनिफिशियरी लावून किंवा ट्रस्ट करून होतं. ज्याला क्रायोनिक्स करायचं आहे त्याने आधी हे करावं: बायको-मुलांची पॉलिसी अशी बांधून टाकावी की पुढे आपल्यालाही ती बदलता येणार नाही. मग दुसऱ्या पॉलिसीवर संस्थेचं नाव निःशंक मनाने लावावं. त्या दुसऱ्या पॉलिसीतही दुय्यम बेनिफिशियरीचा रकाना रिकामा ठेवू नये. तिथे सज्ञान माणसाचं नाव असावं, कारण अज्ञान मुलाच्या नावाने कंपनी थेट चेक काढत नाही, पालकत्वाचा कागद मागते.

करारातला ‘जतन शक्य नसल्यास’ हा भाग बायकोसमोर वाचावा. आपल्या बाबतीत तर तो आणखी महत्त्वाचा. आपली निवृत्त मंडळी हिवाळा पुण्या-मुंबईत, नागपुरात, गोव्यात काढतात. तिथे मरण आलं तर देह वेळेत ॲरिझोनाला किंवा मिशिगनला पोहोचण्याची शक्यता जवळजवळ नाही. वेळ, गरम हवा, विमानाने पाठवण्यापूर्वी देहावर करावी लागणारी प्रक्रिया, सगळंच विरुद्ध जातं. तशा वेळी देह कितीही खराब असला तरी पाठवा, की तिथेच अग्नी द्या, आणि पैसे कुणाला? हे तीन प्रश्न मृताने स्वतः सोडवलेले असायला हवेत.

न सोडवल्यास काय होतं, याची उदाहरणं न्यायालयांच्या कागदांत आहेत. आयोवा राज्यातल्या एका वृद्धाने २००४ मध्ये अल्कोरकडे त्रेपन्न हजारांहून अधिक डॉलर भरले होते. पुढे त्याला विस्मृती जडली, भावा-बहिणीकडे त्याचा कारभार आला. फेब्रुवारी २००९ मध्ये तो गेला आणि त्यांनी त्याला पुरलं. संस्थेला कळवलंच नाही. दोन महिन्यांनी त्यांनी पत्र पाठवलं, भरलेले पैसे परत करा म्हणून. मृत्यू झाल्याचं संस्थेला त्या पत्रातून कळलं. २०१० मध्ये अपील न्यायालयाने पुरलेला देह उकरून संस्थेला देण्याच्या बाजूने निकाल दिला. मी त्या भावंडांना खलनायक मानत नाही. भावाची इच्छा त्यांना पटलेली नव्हती. बेसबॉलचे महान खेळाडू टेड विल्यम्स २००२ मध्ये गेले तेव्हा त्यांच्या मृत्युपत्रात दहन लिहिलेलं होतं, आणि दोन मुलांनी डागाळलेल्या कागदावरची देह गोठवण्याची इच्छा पुढे केली. थोरली मुलगी विरोधात उभी राहिली. तीन मुलांचं भांडण साऱ्या देशाने टीव्हीवर पाहिलं. लंडनमध्ये २०१६ साली कर्करोगाने मरणपंथाला लागलेल्या चौदा वर्षांच्या मुलीला आपला देह गोठवला जावा म्हणून स्वतः न्यायाधीशांकडे दाद मागावी लागली, कारण आईवडिलांचं एकमत नव्हतं.

आपल्या घरांत याला आणखी एक पदर आहे आणि त्याबद्दल कुठलाही अमेरिकन सल्लागार बोलणार नाही. विमा कंपनी पैसे देते ती मृत्यूच्या दाखल्यावर. कायद्याने माणूस गेलेला असतो: बायको विधवा, वारसाहक्क सुरू. संस्था मात्र त्याच माणसाला ‘पेशंट’ म्हणते. मग घरात सुतक धरायचं का? दहावा, तेरावा करायचा का? पिंड ठेवायचा तर अस्थी कुठे आहेत? मैत्रिणीच्या त्या सांगलीच्या नवऱ्याची आई तेव्हा हयात होती. देह गोठवला गेला असता तर तिने काय केलं असतं, याचा विचार मी अनेकदा केला. देह हाती नसेल तर पळसाची प्रतिकृती करून पालाशविधी करायची रीत आपल्याकडे आहे. समुद्रात, युद्धात हरवलेल्यांसाठी ती होती. पण ज्याचा देह कुठे आहे ते नेमकं ठाऊक आहे, त्याच्यासाठी ती करायची की नाही हे गुरुजींनी ठरवायचं नाही, आणि रडून थकलेल्या बायकोनेही नाही. ज्याने हा मार्ग निवडला त्यानेच एका कागदावर, आपल्या अक्षरात, मराठीत लिहून ठेवावं: माझ्यामागे हे करा, हे करू नका, केलंत तरी मला चालेल. माझ्या मते विम्याच्या सगळ्या कागदांपेक्षा या एका कागदाची घरच्यांना जास्त गरज असते.

कॅनडातल्या मंडळांसाठी एक वेगळी सूचना. ब्रिटिश कोलंबियात पुन्हा जिवंत होण्याच्या अपेक्षेवर देह जतन करण्याची सेवा विकायला कायद्याने मनाई आहे. व्हँकुव्हरच्या आपल्या लोकांनी सही करण्यापूर्वी वकिलाला विचारावं.

आता मंडळाकडे मागणं. आपण अधिवेशनं भरवता, त्यात गुंतवणुकीची, मुलांच्या कॉलेजची, निवृत्तीची सत्रं होतात. ‘उत्तररंग’मध्ये ज्येष्ठांसाठी आपण चांगलं काम करता. यापुढच्या अधिवेशनात बेनिफिशियरीच्या फॉर्मवर एक तास द्या. क्रायोनिक्सचं नाव सत्राला देऊ नका, कुणी येणार नाही. पण त्या तासात ते दार उघडं ठेवा, म्हणजे ज्याने गुपचूप नोंदणी केली आहे तो निदान मागच्या रांगेत बसून ऐकेल. लोकांना आपापल्या सगळ्या पॉलिसींची आणि नोकरीतल्या विम्याची यादी घेऊन यायला सांगा, नवरा-बायको दोघांना एकत्र बोलवा, आणि प्रत्येक पॉलिसीपुढे आज कुणाचं नाव आहे ते एकमेकांना वाचून दाखवायला सांगा. क्रायोनिक्सशी काहीही संबंध नसलेल्या घरांतही तुम्हाला मेलेल्या वडिलांची नावं सापडतील, लग्नाआधीच्या काळात लावलेली भावाची नावं सापडतील, कोरे रकाने सापडतील. ‘बृहन्महाराष्ट्र वृत्त’मध्ये ‘नॉमिनी’ आणि ‘बेनिफिशियरी’ यांतला फरक सांगणारं एक पान छापा. मजकूर मी लिहून देते.

सत्र घ्यायलाही मी येईन, स्वखर्चाने, कुठल्याही शहरात. माझी मैत्रीणही माझ्याबरोबर यायला तयार आहे. चौदा महिने ती काय करत होती हे लोकांना स्वतः सांगायचं आहे, असं ती म्हणते. फक्त तारीख आणि वेळ कळवा.



आपली नम्र,
क्लेम्स विभागातून निवृत्त झालेली एक सभासद, न्यू जर्सी